जमिनीवरून उठताना

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सप्ताहाच्या काल्याला पंगती बसतात, तेव्हा मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग दिसते. पूर्वी असल्याच तर दोन-चार खुर्च्या असत, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांसाठी. आता तिथं पन्नाशीतली, अगदी पंचेचाळिशीतलीही माणसं पत्रावळ मांडीवर घेऊन बसलेली असतात. जे खाली बसतात त्यांचंही जेवण होईपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. पाहायचं ते पंगत उठते तेव्हा. कुणी उजवा हात जमिनीवर रोवतो, कुणी आधी गुडघ्यावर येतो आणि मग मांडीवर हात दाबून स्वतःला वर ढकलतो, कुणी शेजाऱ्याला हात मागतो. मी गेली काही वर्षं हे मुद्दाम पाहत आलो आहे. कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: "गुडघे गेले."

गुडघे गेलेले असतातही. पण उठण्याचं काम गुडघा एकटा करत नाही. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो आणि ढुंगणाचा मोठा स्नायू खुबा सरळ करतो. दोघांनी मिळून धड वर न्यायचं असतं. मागचा जोडीदार कमी पडला की त्याचाही भार पुढच्यावर, म्हणजे गुडघ्यावर येतो. आपण गुडघ्याला तेल लावतो, पट्टा बांधतो, गुडघ्याचा एक्सरे काढतो. मागच्या जोडीदाराची विचारपूस कुणी करत नाही. तो अशक्त होत चालला आहे आणि त्याची खबर आपल्याला फार उशिरा लागते. हा लेख त्यासाठी आहे.

उशिरा लागण्याचं पहिलं कारण भाषेत आहे. या भागाला आपल्याकडे शब्द कमी नाहीत. ढुंगण, कुल्ला, बूड, नितंब, आणि सांध्याला खुबा. पण यातला कुठला शब्द डॉक्टरसमोर, सुनेसमोर, चारचौघांत उच्चारायचा? बाई दवाखान्यात जाते, हात नेमका कुल्ल्यावर ठेवते आणि तोंडाने म्हणते, "कंबर लई दुखायली." डॉक्टर कंबर असं लिहून घेतो. तपासायला पालथं झोपवायचं तर पडदा नसतो, सोबत बाईमाणूस नसतं, वेळ तर नसतोच. कंबरेच्या मणक्याचा एक्सरे निघतो, त्यात चाळिशीनंतर काही ना काही दिसतंच, आणि दुखणं मणक्याच्या नावावर जमा होतं. आपले जुने वैद्य या बाबतीत आपल्यापेक्षा स्पष्ट होते. चरकाने गृध्रसीचं, म्हणजे आज ज्याला आपण सायटिका म्हणतो त्या दुखण्याचं वर्णन करताना सुरुवात स्फिक् या शब्दाने केली आहे. स्फिक् म्हणजे कुल्ला. दुखणं तिथून निघतं आणि कंबर, मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत जातं, असा क्रम तो सांगतो. ग्रंथात ज्या जागेचं नाव संकोचाशिवाय पहिलं येतं, ती आज केसपेपरवर येत नाही.

नाव न घेण्याची किंमत किती मोठी होऊ शकते, याचा अंदाज शेजारच्या बीड जिल्ह्याने दिला आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती गोळा झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे पाळीचे त्रास होते, जंतुसंसर्ग होता, पाण्याची आणि आडोशाची सोय नसणं होतं, खाडे परवडत नसणं होतं, कॅन्सरची घातलेली भीती होती. सगळ्याचं खापर एका कारणावर फोडणं चूक ठरेल. पण कंबर आणि ओटीपोट दुखतं ही तक्रारही त्यात होती, आणि पिशवी काढल्यावरही कंबर दुखतच राहिली, असं सांगणाऱ्या बायका आजही भेटतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या आपल्या तालुक्यांतूनही दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कोयते बाहेर पडतात. दुखणाऱ्या जागेवर कुणी हात ठेवून पाहिलंच नाही, तर उपचार दुसऱ्याच अवयवावर होऊ शकतो. ही शक्यता मला अस्वस्थ करते.

म्हणून आधी ही जागा नीट पाहू.

कुल्ल्याला आपण नुसतं मांस समजतो, पण तिथे एकावर एक स्नायूंचे थर आहेत. सगळ्यात वर ग्लुटिअस मॅक्सिमस, शरीरातला सर्वात मोठा स्नायू. कमरेच्या हाडाचा मागचा भाग, त्रिकास्थी आणि माकडहाड इथून तो निघतो आणि तिरपा खाली उतरून काही मांडीच्या हाडाला, बराचसा मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखाली जाणाऱ्या एका जाड पट्ट्याला मिळतो. पुढे वाकलेलं धड सरळ करणं, चढण चढणं, जिना चढणं, पळणं, खालून वर उठणं ही त्याची कामं. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्याला फारसं काम नसतं, आणि इथेच अनेकांची फसगत होते. रोज सकाळी मोतीबागेच्या बाजूने दोन फेऱ्या मारणाऱ्याला वाटतं की आपला व्यायाम झाला. हृदयाचा झाला. या स्नायूचा फार थोडा झाला.

माणसाइतका मोठा हा स्नायू चिंपांझीलाही नाही. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनिएल लीबरमन या दोन शास्त्रज्ञांनी 2004 साली मांडलं की माणसाचं शरीर लांब पल्ला पळण्यासाठी घडत गेलं, आणि पळताना धड पुढे कोसळू नये म्हणून हा स्नायू एवढा वाढला. या मांडणीवर वाद आहेत. पण पळताना तो जोराने आवळतो आणि चालताना जवळपास गप्प असतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

त्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, ग्लुटिअस मीडिअस आणि त्याखाली ग्लुटिअस मिनिमस असे दोन पंख्यासारखे स्नायू. माझ्या मते या सगळ्या भागातलं सर्वात कमी ओळखलं गेलेलं काम हे दोघं करतात. चालताना आपण दोन्ही पायांवर असतो असं वाटतं, पण चालण्याच्या वेळातला सुमारे 80 टक्के वेळ आपण एकाच पायावर उभे असतो. उजवा पाय उचलला की कमरेची उजवी बाजू खाली पडायला हवी. ती पडत नाही, कारण डाव्या कुल्ल्याचे हे दोन स्नायू कमरेचं हाड डावीकडून खाली खेचून धरतात. बैलगाडीच्या जूवर एकीकडचा बैल सोडला आणि दुसरीकडून कुणी जू दाबून समतोल राखला, तसं हे काम आहे. हे खेचणं आणि शरीराचं वजन एकत्र येऊन त्या एका खुब्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. 60 किलोच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला 150 किलोहून जास्त.

हे स्नायू थकले की काय होतं, ते फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने 1895 साली लिहून ठेवलं. एका पायावर उभं केलं की उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली पडते. चालताना माणूस ती पडझड सावरायला धड दुसऱ्या बाजूला झोकून देतो. आपल्याकडे याला डुलत चालणं म्हणतात आणि ते वयाचं लक्षण मानतात. वयाचं आहे, पण नुसतं वयाचं नाही. घरात आई-वडील असतील तर त्यांना भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहायला सांगावं आणि मागून कमरेकडे पाहावं. चाचणीला एवढंच लागतं. आणि काठी वापरत असतील तर ती कुठल्या हातात आहे तेही पाहावं. काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात हवी. तिथून ती पडणाऱ्या बाजूला आधार देते आणि थकलेल्या स्नायूचं काम हलकं करते. जालन्याच्या बसस्थानकावर तासभर थांबलं तर निम्म्या काठ्या चुकीच्या हातात दिसतील. दुखतं त्याच बाजूला आधार द्यावा असं कुणालाही वाटतं, म्हणून ही चूक होते. सांगितलं की दुरुस्त होते. सांगत कुणी नाही.

सर्वात खोल थरात सहा छोटे स्नायू आहेत, मांडी बाहेरच्या बाजूला वळवणारे. त्यातला पिरिफॉर्मिस महत्त्वाचा, कारण त्याच्या खालच्या कडेने शरीरातली सर्वात जाड नस बाहेर पडते. सायटिक नस. जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद. ती कुल्ल्याच्या आतल्या आणि खालच्या भागातून मांडीच्या मागे उतरते, आणि पोटरी, पाऊल, बोटं यांची सगळी हालचाल तिच्यावर असते. तिच्याकडे परत यावं लागेल.

आता जालन्याच्या शिवारात. इथल्या माणसाला, विशेषतः बाईला, स्नायू वापरा असं सांगणं कानाला विचित्र वाटेल याची मला जाणीव आहे. निंदणी-खुरपणीला ती दिवसभर उकिडवी सरकत असते. कापूस वेचताना कमरेत वाकून ओटी भरते. ऊस तोडताना जमिनीलगत कोयता मारते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिला व्यायामाचा उपदेश करणं अपमानास्पद होईल. पण कष्ट आणि ताकद या दोन गोष्टी आपण एकच मानतो, तिथे गफलत आहे. पूर्ण खाली वाकून राहिलं की पाठीचे स्नायू आवळणं जवळजवळ थांबवतात आणि भार अस्थिबंधांवर लटकतो. तासन् तास त्याच अवस्थेत राहिलं की स्नायू बळकट होत नाहीत, नुसते ताणले आणि शिणवले जातात. स्नायू वाढतो तो भार घेऊन, विश्रांती घेऊन आणि पुरेसं खाऊन. इथे भार अमाप आहे, बाकीची दोन्ही नाहीत. डाळ ताटात पातळ, आणि बाई सगळ्यांच्या शेवटी जेवणार. म्हणून साठीच्या आत कंबरेत वाकलेल्या बाया दिसतात आणि आयुष्यभर एवढं काम केलेलं शरीर असं कसं झालं याचं नवल वाटतं. नवल नाही. त्या शरीरातून फक्त काढलं गेलं.

उकिडवं बसण्याबद्दलही सरसकट बोलता येत नाही. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी दिवसाचे बरेच तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. तेव्हा पूर्वीचं सगळं चांगलं, खुर्ची वाईट, असा सोपा निष्कर्ष माझ्याकडे नाही. दुसरीकडे टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संग्राहक लोकांचा 2020 सालचा अभ्यास आहे. ही माणसं दिवसाला दहा तासांच्या आसपास बसलेली असतात, शहरी माणसाइतकीच. फरक इतकाच की ती उकिडवी किंवा गुडघ्यावर बसतात आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू थोडे थोडे जागे राहतात. खुर्चीत ते झोपतात. नुकसान होतं ते एकाच अवस्थेत अडकण्याने. दिवसभर उकिडवं बसलेली मजूर बाई आणि दिवसभर खुर्चीत बसलेला दुकानदार, दोघंही त्याच वाटेने चालले आहेत.

पुरुषांचं चित्र वेगळं आहे. तणनाशक आलं, ट्रॅक्टर आला, सोयाबीनला मळणीयंत्र आलं, बांधापर्यंत मोटारसायकल जाऊ लागली. कष्ट कमी झाले ही आनंदाची गोष्ट आहे, तिच्यावर रडायचं कारण नाही. पण कमी झालेल्या कष्टांबरोबर उठणं, बसणं, चढणंही गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. तरुण पोरगा गाडीवरून पारावर, पारावरून टपरीच्या बाकड्यावर, तिथून घरी खाटेवर. शहरात नोकरीला असला तर आठ तास खुर्ची. बसल्यावर ढुंगणाचा मोठा स्नायू बैठकीच्या हाडांवरून बाजूला सरकतो आणि आपण त्या हाडांवर बसतो. स्नायू लांबलेला, सैल, बिनकामाचा. त्याच वेळी पुढे, जांघेतून जाणारा मांडी वर उचलणारा स्नायू आखडलेला राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की उभं राहताना कंबर पूर्ण सरळ होत नाही आणि पाठीला मध्ये खळगा पडून ती दुखू लागते. स्टीलच्या कारखान्यांत भट्टीपाशी उभ्याने राबणारे मजूर आणि त्याच कारखान्याच्या कार्यालयात बसणारे कारकून, दोघांच्या तोंडी कंबरदुखीच असते, पण ती एक नव्हे.

दुखणं आलं की आपल्याकडे मागणी ठरलेली: सुई मारा. आणि सुई मारायची जागा ठरलेली: कुल्ला.

या एका सवयीबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते, कारण इथे निसर्ग काही करत नाही, आपणच करतो. 2000 नंतरच्या दशकात केंद्र सरकारसाठी झालेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की भारतात वर्षाला सुमारे 300 कोटी इंजेक्शनं दिली जात होती आणि त्यातली 60 टक्क्यांहून जास्त असुरक्षित होती. जंतू नीट न मारलेली उपकरणं, चुकीची पद्धत, विल्हेवाटीचा अभाव हे त्या असुरक्षिततेत धरलेलं होतं. त्यानंतर सुया एकदा वापरून टाकायच्या झाल्या, हे चांगलं झालं. पण जागेचं अज्ञान तसंच राहिलं.

कुल्ल्याचे उभ्या-आडव्या रेषेने मनात चार भाग करा. सायटिक नस आतल्या आणि खालच्या भागांतून जाते. म्हणून सुई द्यायचीच तर वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात, हा शंभर वर्षांहून जुना नियम आहे. पण चार भाग कशाचे? परकर थोडा खाली सरकवला की जेवढा भाग दिसतो तेवढ्याचेच जर चार भाग केले, तर त्याचा वरचा बाहेरचा भाग खऱ्या कुल्ल्याच्या मध्यावरच येतो. लाजेने कपडा कमी सरकतो, घाईने सुई जाते. बारीक अंगाच्या माणसात, कुपोषित पोरात, वाळलेल्या म्हाताऱ्यात नस आणि कातडी यांत अंतर फार कमी असतं. सुई किंवा औषध नसेत गेलं की त्याच क्षणी विजेचा झटका बसावा तशी कळ पायाच्या टोकापर्यंत जाते. मग पाऊल उचलत नाही, चालताना पंजा फरफटतो. काही जण महिन्यांनी सुधारतात, काही जण कधीच नाही. माझ्या नात्यातल्या एका मावशीला अंगदुखीसाठी गावातच अशी सुई मिळाली होती. तिची चप्पल डाव्या पायातून निसटायची म्हणून तिने नंतर आयुष्यभर मागे पट्टा असलेली चप्पल वापरली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की ताप पायात उतरला.

यापेक्षा सुरक्षित जागा आहे आणि ती नवी नाही. खुब्याच्या बाजूला, मांडीच्या हाडाचा उंचवटा तळहाताखाली घेऊन, तर्जनी आणि मधलं बोट फाकवलं की त्या दोन बोटांमध्ये ग्लुटिअस मीडिअसचा जाड भाग येतो. तिथे मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. स्विस वैद्यक होखश्टेटर यांनी ही जागा 1950 च्या दशकात सांगितली. लहान बाळांना तर कुल्ल्यात सुई द्यायचीच नाही. चालायला लागेपर्यंत तिथे स्नायू भरलेलाच नसतो. अंगणवाडीतल्या लसीकरणात पेंटाव्हॅलंट मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात त्याचं कारण हेच. ज्या आईने ते डोळ्यांनी पाहिलं आहे, तीच ताप आला की पोराला खाजगीत नेऊन कुल्ल्यात सुई मागते. पोलिओच्या काळात याची किंमत फार जबर होती. विषाणू शरीरात असताना सुई टोचली की त्याच पायाला लकवा होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो धोका गेला. पण आज साठीच्या घरात असलेल्या कुणाची कथा जेव्हा अशी सुरू होते की ताप आला होता, डॉक्टरने सुई दिली आणि पाय गेला, तेव्हा ती नुसती समजूत असेलच असं नाही.

लहानपणी पुन्हा पुन्हा कुल्ल्यात सुया टोचल्याने होणारं आणखी एक नुकसान आहे, तेही सहज ओळखता येतं. स्नायूच्या जागी दोरखंडासारखी कठीण गाठ तयार होते. असं मूल गुडघे जुळवून उकिडवं बसू शकत नाही. बसताना त्याचे गुडघे बाहेर फाकतात. शाळेच्या मैदानावर कवायतीला मुलं बसतात तेव्हा शिक्षकाला हे दिसू शकतं, पाहायचं ठरवलं तर.

ऑक्टोबर 2024 मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. पहिल्या वर्षाची मुलं शरीररचनेच्या तासाला शव पालथं करतील, मोठा स्नायू उलटून टाकतील आणि त्याखाली ती पांढरी, जाड नस डोळ्यांनी पाहतील. त्यांना ती जागा कधी चुकणार नाही. त्याच शहरापासून वीस-तीस किलोमीटरवर, पदवी असलेल्या-नसलेल्या कुणाच्याही हाताने ती सुई रोज टोचली जाते. अंगदुखीसाठी गोळी पुरत असते. बहुतेक वेळा सुईची गरजच नसते. रोग्याला सुईशिवाय बरं वाटत नाही म्हणून डॉक्टर देतो आणि डॉक्टर देतो म्हणून रोग्याला ती लागते. हे चक्र तोडायची सुरुवात रोग्यालाच करावी लागेल असं माझं मत आहे. पोटातून घेता येईल का, एवढा एक प्रश्न विचारायचा.

त्या सुयांत आणि पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. गुडघेदुखीवर दोन दिवसांत जादू होते ती त्यामुळे. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा त्याने तुटू शकतो, गोळा आतून मरतो आणि पुढे ढासळतो. करोनात स्टिरॉइड मिळालेल्या रुग्णांत मुंबईत 2021 साली असे रोगी समोर आले. दारू हेही त्याचं मोठं कारण आहे. इथे दुखण्याची जागा उपयोगी पडते. कुल्ल्याच्या मागे किंवा बाजूला दुखत असेल तर ते स्नायूचं, नसेचं किंवा मणक्याचं असण्याची शक्यता जास्त. जांघेत दुखत असेल, मांडी घालताना जांघेत कळ येत असेल, तर खुब्याच्या सांध्याचाच एक्सरे, गरज पडली तर एमआरआय काढून घ्यावा. तरुण माणसात जांघेचं दुखणं अंगावर काढू नये.

आणि शेवटी माणूस पडतो. न्हाणीघरात, उंबऱ्यावर, पहाटे अंगणात. घरचे म्हणतात, पडली आणि खुबा मोडला. हाड ठिसूळ झालेलं असतं हे खरं. पण तोल गेल्यावर पाऊल झटकन बाजूला टाकून सावरायचं काम त्याच बाजूच्या स्नायूंचं होतं आणि ते वेळेवर झालं नाही, हेही तितकंच खरं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, असं वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जे वाचतात त्यातले अनेक अंथरूण सोडत नाहीत. अंथरुणावर किती वेगाने ऱ्हास होतो त्याचं एक मोजमाप मला फार बोलकं वाटतं: धडधाकट, सरासरी 67 वर्षांच्या माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. आपल्याकडे टायफॉइडमधून उठलेल्या आजीला महिनाभर पडून राहायला सांगतात, मायेने.

ब्राझीलच्या क्लाउडिओ जिल अराउजो यांनी 2012 साली 51 ते 80 वयाच्या 2,002 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना एवढंच सांगितलं होतं: जमिनीवर बसा आणि उठा. हात, गुडघा, कोपर काहीही टेकलं की एक गुण कमी. ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. उठता न येणं हे मरणाचं कारण असतं असं यातून सिद्ध होत नाही. आतून किती झिजलो आहोत याची ती खूण असते. पंगतीतून उठणाऱ्या माणसांकडे मी पाहायला लागलो तो हा अभ्यास वाचल्यानंतर.

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 सालचा जन्म. त्यांनी गावोगाव मारुती बसवले आणि त्या मारुतीभोवती तालमीची परंपरा वाढली. जोर आणि बैठका. बैठक हा शब्दच पाहा. पूर्ण खाली जायचं आणि हात न टेकता वर यायचं, ढुंगण आणि मांडी या दोघांना एकत्र राबवायचं. आज जिममध्ये ज्याला स्क्वॅट म्हणतात तेच. गावागावात मारुतीचं देऊळ शाबूत आहे, तालमीच्या हौद्यात मात्र बहुतेक ठिकाणी सिमेंट पडलं. आणि ती तालीम ज्यांच्यासाठी होती त्यांत बाई कधीच नव्हती, हा दोष जुना आहे. तो झाकून परंपरेचं कौतुक करावं असं मला वाटत नाही.

वय झालं म्हणजे स्नायू वाढत नाही, ही समजूत 1990 साली बोस्टनमध्ये मोडली. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त वाढली. हे कळल्यावर मी माझ्या आईपासून सुरुवात केली. ती 71 वर्षांची आहे, दोन्ही हात टेकल्याशिवाय उठत नव्हती, आणि खालून तर नाहीच. आधी तिला पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, नुसतं ढुंगण उचलायला लावलं. तिने पहिल्यांदा दार लावून घेतलं. मग ओट्याला धरून एकेका पायावर उभं राहणं, भाजी शिजेपर्यंत. ताटात रोज एक वाटी घट्ट वरण, तिने सगळ्यांबरोबर बसून खायचं. मग पलंगाच्या कडेवरून हात छातीशी धरून उठणं. पलंगानंतर पाटावर चार गोधड्या घडी करून ठेवल्या आणि त्यावरून उठायचं. महिन्याला एक गोधडी कमी करत गेलो. मध्ये एकदा गुडघा सुजला तेव्हा दोन आठवडे परत पलंगावर गेलो. आता पाटावर एक गोधडी उरली आहे.